घर अर्ध्यावर थांबणार असेल, तर कुठे थांबवायचं?

मंदी आली म्हणून मराठवाड्यात प्लॉटचे भाव उतरले, असं सहसा होत नाही. विकणारा दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरून बसतो, घेणारा 'माल विकला की बघू' म्हणतो आणि सौदे तुंबतात. मंदी खरी दिसते ती बांधकामात. जोत्याच्या आधीच थांबलेले पाये, उघड्यावर गंजणारे कॉलमचे गज, चार पावसाळे विनाप्लास्टर काढलेल्या भिंती. परभणी, बीड, लातूर, नांदेड, कुठल्याही शहराच्या नव्या वसाहतीत एक चक्कर मारा, हे सगळं ओळीने दिसेल.

पैसे संपले की काम थांबणार, त्याला इलाज नाही. पण काम चुकीच्या जागी थांबलं तर आधी घातलेला पैसाही मातीत जातो, आणि हे नुकसान टाळता येतं. ओढाताणीच्या काळात घर बांधायला घेण्यात गैर काही नाही. उलट अशा वेळी चांगला मिस्त्री मोकळा सापडतो, सेंटरिंगवाला (स्लॅबखाली प्लेटा-टेकू लावणारा) भावात बोलायला तयार असतो. फक्त काम कुठे कुठे थांबू शकतं आणि कुठे अजिबात थांबू नये, हे पहिली कुदळ मारायच्या आधी कागदावर हवं.

पैसा येतो कुठून आणि कधी

आपल्याकडे स्वतःचं घर बांधणाऱ्याचा पैसा एका जागेवरून येत नाही. थोडा पगार, थोडी शेती, थोडं कर्ज, थोडं मोडलेलं सोनं. यातला शेतीचा हिस्सा सगळ्यात बेभरवशाचा, आणि नेमक्या त्याच्याच भरवशावर लोक स्लॅबची तारीख धरतात.

हिशोब करून बघा. पाच एकर सोयाबीन, एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर ४० क्विंटल. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याचे २,१३,१२० होतात. तोच माल बाजारात ४,२०० ने गेला तर १,६८,०००. म्हणजे ४५ हजारांचा खड्डा, तोही बियाणं, खत, फवारणी, काढणी यातलं काहीही वजा न करता. आणि हे झालं पीक हाती लागलं तर. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे कित्येकांचं उभं पीक पाण्यात गेलं, कुठे कुठे जमीनच खरडून गेली. 'सोयाबीन आलं की स्लॅब टाकू' हे नियोजन नाही. माल विकून पैसे खात्यात जमा झाले, की मग स्लॅबची तारीख.

कर्जाचं म्हणाल तर फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसा देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला आणि घरकर्ज स्वस्त झाल्याचा गाजावाजा झाला. २० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत धरा. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे १८,६४०, साडेआठने सुमारे १७,३६०. महिन्याला पावणेतेराशे वाचतात. चांगलंच आहे, पण ज्याला १८ हजार झेपत नव्हते त्याला १७ हजारही झेपणार नाहीत. व्याजदर उतरला एवढ्यासाठी कर्जाची रक्कम वाढवू नका. जुनं कर्ज चालू असेल तर ते रेपोशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. ऑक्टोबर २०१९ पूर्वीची बरीच कर्जं जुन्या पद्धतीवर अडकलेली असतात, आणि ती बदलून घ्यायला अर्ज करावा लागतो.

स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्याला बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. आधी तुमचा हिस्सा लागतो, मग जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशा टप्प्यांनी पैसे सुटतात, तेही बँकेचा इंजिनिअर पाहून गेल्यावर. तोपर्यंत जेवढी उचल झाली तेवढ्यावर नुसतं व्याज भरायचं. आठ लाख उचलले आणि काम थांबलं, तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,६६७ रुपये व्याज चालू राहतं, मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, आणि राहत्या जागेचं भाडं वेगळंच. थांबण्याचा हा महिन्याचा खर्च आधी लिहून ठेवा. कर्जाचा पहिला हप्ता शक्यतो जोतं आपल्या पैशातून पूर्ण झाल्यावरच उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी मदत बसत असेल तर ती आराखडा काढायच्या आधी तपासा, कारण अटी घराच्या मापाशी बांधलेल्या असतात. ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार, त्यावर राज्याने २०२५ मध्ये जाहीर केलेली ५० हजारांची वाढ, आणि वाळू धोरणात घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मोफत वाळूची तरतूद आहे. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट हवं. शहरात प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, ३५ लाखांपर्यंतच्या घरावर आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान मिळतं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. ही रक्कम नंतर कर्जखात्यात येते. ती धरून वाळू-सिमेंटचं गणित मांडू नका.

पहिली थांबण्याची जागा: जोतं

खोदकाम सुरू केलं की जोत्यापर्यंत थांबायचं नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कारण आपली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाचे खड्डे खणून ठेवले आणि पैसे संपले, मग मृगाचा पाऊस आला, तर खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तळाची माती लोण्यासारखी मऊ होते. चार महिन्यांनी त्यावर तसंच पीसीसी, म्हणजे बिनगजाचं साधं काँक्रीट, ओतलं, तर खालचा मऊ थर नंतर घराच्या वजनाने दबतो. मग एक कॉलम खचतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग जाते. खड्डे पावसात भिजलेच असतील तर तळ पुन्हा किमान सहा इंच उकरून टणक मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. म्हणजे खोदाईचा आणि काँक्रीटचा, दोन्ही खर्च पुन्हा.

माती किती खोल आहे हे जागेवर ठरतं. बालाघाटच्या रांगेवर दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. गोदावरीच्या काठाने, पैठण, गंगाखेड, नांदेडच्या बाजूला, काळ्या मातीचा थर खूप खोल असू शकतो. शेजाऱ्याचा पाया किती होता हे विचारून काम भागत नाही, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत दहा फुटांचे खड्डे घेऊन बघा. मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर फुटिंग थेट मुरमावर टेकवा. दहा फुटांपर्यंत काळीच असेल, तर खाली फुगवटा असलेली, म्हणजे अंडररीम्ड पाईल परवडते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाईलला खाली अडीचपट, ७५० मिलिमीटरचा फुगवटा, आणि खोली साडेतीन मीटरच्या पुढे, जिथे मातीतला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. अशा पायावर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची आडवी तुळई, मातीवर टेकवायचा नाही. त्याच्या खाली किमान तीन इंच मोकळी जागा ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात माती फुगून बीम खालून वर ढकलते. या कामाला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. त्याची फी वाचवून काही हजार सुटतील, पण पुढचं सगळं घर त्याच पायावर आहे.

जोत्यातली भर हा दुसरा घोळ. खोदलेली काळी माती समोरच पडलेली असते, ती उचलून नेण्याचा खर्च वाचवायचा म्हणून ठेकेदार तीच जोत्यात लोटतो. घर झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध उचलते, दरवाजे खाली घासायला लागतात. भर मुरमाचीच हवी, किमान दोन फूट, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमसणी. एकदम तीन फूट मुरूम टाकून वरून पाणी सोडलं की खालचा थर कोरडाच राहतो. जोत्याची उंची रस्त्यापासून अडीच-तीन फूट ठेवा. आपल्या नगरपालिका जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर देतात. दहा वर्षांत रस्ता फूटभर वर आलेला असतो.

प्लिंथ बीम, मुरूम भर आणि वर तीन इंचांचा पीसीसी झाला की काम थांबायला हरकत नाही. जोत्यापर्यंत एकूण खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा जातो, खोल काळ्या मातीत चौथ्या हिश्शापर्यंत. तेवढी रक्कम हातात असल्याशिवाय खोदाई नको.

कागदोपत्रीसुद्धा जोतं हीच पक्की जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४८ नुसार बांधकाम परवानगी एका वर्षाची असते आणि एका वेळी एक वर्ष, तीही ठरावीक मर्यादेपर्यंतच, मुदत वाढवून घेता येते. त्या मुदतीत काम जोत्यापर्यंत आलं नसेल तर नव्याने परवानगी काढावी लागते, आणि तेव्हाचे नियम, तेव्हाचं शुल्क लागू होतं. जोतं झाल्याबरोबर जोते तपासणीचं प्रमाणपत्र घेऊन फाईलला लावा. काम थांबवायच्या आधीच घ्या. नंतर कोणी बघायला येत नाही आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्राला तेच आडवं येतं.

थांबताना कॉलमचे गज वर उभे राहतातच, त्यांचं काय करायचं ते पुढे लिहिलंय. जोत्याभोवती काळी माती उघडी सोडू नका. तीन फूट रुंद मुरमाचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन दाबून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी पायात मुरणार नाही.

जोतं ते स्लॅब: इथे दम धरायचा नाही

कॉलम उभे केले, भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत, आणल्या आणि थांबलो, ही सगळ्यात वाईट अवस्था. वर स्लॅबचा किंवा बीमचा आधार नसलेली चार इंची भिंत एप्रिल-मेच्या वळवात आडवी होते. कॉलमच्या डोक्यावरून गजांच्या कडेने पाणी आत शिरतं. म्हणून जोत्यानंतरचं काम तेव्हाच सुरू करा, जेव्हा स्लॅबचं सिमेंट, लोखंड, सेंटरिंग आणि मजुरी, सगळ्याचे पैसे एकत्र हातात असतील.

हजार चौरस फुटांच्या एकमजली घराला एकूण अंदाज असा धरतात: सिमेंट ४०० पोती, लोखंड साडेतीन ते चार टन, वाळू किंवा क्रश सँड १८ ब्रास, खडी १३ ते १४ ब्रास. यातला एकट्या स्लॅबचा हिशोब: पाच इंच जाडीने साधारण ११.६ घनमीटर काँक्रीट, एम २० प्रतीच्या मिश्रणाला घनमीटरला आठ पोती धरली तर ९३ पोती, बीम धरून सव्वाशेच्या आसपास. आराखडा पाहून इंजिनिअर नेमका आकडा देईलच. पण हा आडाखा जवळ असला की ठेकेदाराने स्लॅबला दोनशे पोती लिहिली तर लगेच लक्षात येतं.

लोखंडात किल्लारीचा धडा लक्षात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जी घरं बसली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि डोक्यावर मातीचं जड धाबं असलेली होती. आजच्या आरसीसी घराला ती भीती कमी, पण कॉलम-बीमच्या गजांभोवतीच्या रिंगा नीट असतील तरच. रिंगांची टोकं ९० अंशांत वाकवून सोडली तर भूकंपात त्या उघडतात. टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलेलं हवं. आणि बीम-कॉलमच्या जोडाजवळ, वर-खाली दीड-दीड फूट, रिंगा चार इंचांवर. बारबेंडर सहा-सात इंचांचं एकच माप सगळीकडे धरतो, कारण त्याची मजुरी टनावर असते आणि रिंगा बांधायला वेळ जातो. ओतायच्या आधी स्वतः टेप लावून बघा.

ओतायचा हंगामही नीट निवडा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन बेताचं असतं. अडचण एकच, बीड-धाराशिवकडचे बरेच मजूर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, त्यामुळे टोळी आधी पक्की करावी लागते. मे महिन्यात हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं म्हटलं तर साडेचार-पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर, आणि उन्हाने आटतं म्हणून रोज वर हजारेक लिटरची भर. हे किमान दहा दिवस, चौदा झाले तर उत्तम, कारण आपल्याकडे बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं आणि ते ताकद सावकाश धरतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी क्युरिंगला पाणी मागायला तोंड राहत नाही. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जोत्यावरच थांबा.

बोअरचं पाणी खारट लागत असेल तर काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट ४०० च्या आत, आणि सामू (पीएच) ६ पेक्षा खाली नको. क्षार जास्त असले की गज आतून गंजतो आणि सात-आठ वर्षांत स्लॅबच्या खालून पापुद्रे पडायला लागतात.

सेंटरिंग लवकर काढू देऊ नका. प्लेटांचं भाडं दिवसावर असतं म्हणून ठेकेदाराला घाई असते. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली चौदा दिवस ही नेहमीच्या सिमेंटची मापं आहेत. पीपीसीला त्यात आठवडाभर वाढवा.

दुसरी थांबण्याची जागा: स्लॅब, पण उघडा नाही

स्लॅब पडला म्हणजे थांबता येतं, पण चार कामं करूनच. गच्चीला उतार देऊन पाण्याच्या नळ्या काढा, पाणी साचू देऊ नका. पॅरापेट (गच्चीचा कठडा) पूर्ण बांधायला पैसे नसतील तर निदान विटांचे दोन थर कडेने फिरवा, नाहीतर पाणी स्लॅबच्या काठावरून भिंतीत उतरतं. स्लॅबमध्ये टाकलेल्या वायरिंगच्या पाइपांची तोंडं टोपी लावून बंद करा. उघडी राहिली तर कुंभारीण माशी त्यात मातीची घरं करते, आणि वर्षाने वायर ओढायला गेलं की पाईप बुजलेला निघतो, मग भिंत फोडा. चौथं, दारं-खिडक्यांच्या जागी मातीच्या जोडात विटा रचून ठेवा. चोरीही टळते, आतली भरही भिजत नाही, आणि नंतर विटा पुन्हा वापरता येतात.

आता कॉलमचे गज. वर मजला चढवायचा म्हणून गज सोडतात आणि दहा-दहा वर्षं ते तसेच उभे असतात. १६ मिलिमीटरच्या गजाला जोड द्यायला पन्नासपट, म्हणजे ८०० मिलिमीटर लागतात, १२ मिलिमीटरला ६०० मिलिमीटर. तीन फुटांपेक्षा जास्त सोडण्यात अर्थ नाही. गजांवर सिमेंटचं दाट पाणी दोन हात मारा आणि भोवती हलक्या काँक्रीटचा ठोकळा ओता, जो नंतर छिन्नीने सहज फुटेल. प्लास्टिकची पिशवी बांधू नका. आत वाफ धरते आणि उघड्यापेक्षा जास्त गंज चढतो.

स्लॅबनंतर पैसे तुकड्यातुकड्याने येणार असतील तर क्रम असा ठेवा: आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग संडास-बाथरूमच्या लाइनी आणि शोषखड्डा, मग एक खोली आणि स्वयंपाकघर आतून पूर्ण. तेवढ्यात राहायला जाता येतं आणि भाडं वाचतं. बाहेरचं प्लास्टर त्यानंतर, पश्चिमेच्या आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीपासून. रंग, फॉल्स सीलिंग, गेट शेवटी. आपल्याकडे उलटं होतं, गेट आधी बसतं.

मंदीत माल घ्यायचा तो कोणता

भाव पडला म्हणून सिमेंट भरून ठेवू नका. नीट ठेवलेलं सिमेंटसुद्धा तीन महिन्यांत पाचवा हिस्सा ताकद गमावतं, पावसाळ्यात त्याहून लवकर. टप्प्यापुरतंच आणा, पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष वाचून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर सोडून २८० रुपयांचं पोतं असेल तर ते ३५८ वरून ३३० वर यायला हवं, ४०० पोत्यांमागे ११ हजारांचा फरक. दुकानदाराच्या पक्क्या बिलावर तो दिसतो का बघा. कच्च्या बिलात तो कोणाच्या खिशात गेला हे कळत नाही.

विटा मात्र पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेर घेऊन ठेवाव्यात. पावसात भट्ट्या बंद असतात. लोखंडही घेऊन ठेवता येतं, ओंडक्यांवर, जमिनीपासून फूटभर उंच, वर ताडपत्री आणि कडेने हवा. जालन्याच्या रोलिंग मिल हाकेच्या अंतरावर असल्याने भाव रोज हलतो. तो पडलेला असताना स्लॅबचं लोखंड घेतलं तर चार पैसे सुटतात. पण नगावर घेऊ नका, काट्यावर वजन करून घ्या. बारा मिलिमीटरचा एक मीटर तुकडा कापून वजन करा, ८८८ ग्रॅम यायला हवा. भारतीय मानकाप्रमाणे एका तुकड्यात सहा टक्के कमी चालतं, म्हणजे ८३५ ग्रॅम. त्याच्या खाली असेल तर गाडी परत. आठ मिलिमीटरचा मीटर ३९५ ग्रॅम, त्यात आठ टक्के कमी चालतं, म्हणून खालची हद्द ३६३. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही हे होतं.

मजुरीच्या ठेक्यात सगळ्यात कमी दर देणारा मंदीत सगळ्यात धोक्याचा. तो तुमच्या उचलीतून मागच्या साईटची देणी भागवतो आणि जोत्यावरच गायब होतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घ्या: झालेल्या टप्प्याचेच पैसे, पुढच्या टप्प्याची उचल नाही, दर बिलातले दहा टक्के शेवटपर्यंत राखून. जोतं आणि स्लॅब या दोन जागी मालक काम थांबवू शकेल, आणि सहा महिन्यांत पुन्हा सुरू झालं तर दर तोच राहील, हे कलम आवर्जून घाला. काम नसताना ठेकेदार याला तयार होतात. तेजीत होत नाहीत.

तयार फ्लॅट आणि नवी स्कीम

ज्याला बांधायची उठाठेव नको, त्याने मंदीत चालू बांधकामातल्या फ्लॅटपेक्षा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, पडून राहिलेला फ्लॅट बघावा. त्यावर जीएसटी नाही. चालू बांधकामात ४५ लाखांपर्यंत आणि आपल्या शहरांत ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंत १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. ५० लाखांच्या फ्लॅटला तेच अडीच लाख होतात. मात्र भाव पाडून घेताना रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, बघा. सौदा त्याच्या खाली झाला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरवरच लागतं, आणि फरक दहा टक्क्यांहून मोठा असेल तर घेणाऱ्यालाही प्राप्तिकर लागू शकतो.

चालू स्कीममध्येच घ्यायचा असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची तिमाही माहिती उघडा. किती घरं विकली, किती टक्के काम झालं, मुदत किती वेळा वाढवली, हे दिसतं. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत, हा कायदा आहे. नमुना कराराप्रमाणे करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के. दुसऱ्या स्लॅबला ७० टक्के मागणाऱ्याच्या खात्यात पैसे नाहीत, एवढं त्यावरून ओळखावं.

पुढच्या आशेवर प्लॉट घेणाऱ्यांना एकच सांगणं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत रेल्वे आली, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला मोठ्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या. या सगळ्यांचा फायदा होईल, पण घराला मागणी घोषणेने येत नाही, पगार सुरू झाल्यावर येते. मधली वर्षं ज्याला कर्जाशिवाय काढता येतील त्यानेच तिथे पैसा अडकवावा. आणि स्वस्तात मिळणारा प्लॉट सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र म्हणून विकला जात असेल, तर त्यावर बांधकाम परवानगी आणि बँकेचं कर्ज दोन्ही अडतं. मंजूर लेआउट, अकृषिक आदेश, फेरफार आणि इतर हक्कातला बोजा, हे चारही कागद वकिलाला दाखवूनच इसार द्या.

पुन्हा काम सुरू करताना

वर्ष-दोन वर्षांनी पैसे जमले की मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन वीट लावायला तयार असतो. आधी दोन दिवस तपासणीला द्या. गजांवरचा ठोकळा फोडा, तारेच्या ब्रशने गंज झाडा. नुसती तांबूस भुकटी असेल तर चालतं. पापुद्रे निघाले तर व्हर्नियरने जाडी मोजा, दहा टक्क्यांहून जास्त झिजलेला गज असेल तर शेजारी नवा गज भोक पाडून रसायनाने बसवावा लागतो, आणि ते इंजिनिअरनेच ठरवायचं. जोत्याच्या कडेने मुरूम खचला आहे का, प्लिंथ बीमला भेग आहे का, लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे अजून समपातळीत आहेत का, ते बघा. एखादा कोपरा अर्ध्या इंचाहून जास्त उतरला असेल तर वर वजन चढवू नका, आधी कारण शोधा. बहुतेक वेळा शेजारचं सांडपाणी किंवा फुटलेली नळाची लाइन निघते.

जुन्या काँक्रीटवर नवा कॉलम चढवताना वरचा मऊ, पांढुरका थर छिन्नीने टिचून खडी दिसेपर्यंत काढा, आदल्या दिवशीपासून पाणी मारून भिजवा, पाणी साचू न देता वर सिमेंटचं दाट पाणी लावा आणि ते ओलं असतानाच नवं काँक्रीट ओता.